सासरे कॉम्प्युटर झाले तो उन्हाळा

माझ्या सासरी सुनेला नोकरी करायची परवानगी होती, सासऱ्यांशी बोलायची नव्हती. सासरे समोर बसलेले असले तरी मी सासूबाईंकडे तोंड करून हळू आवाजात सांगायचे, "मामाजींना म्हणावं, अंघोळीचं पाणी तापलं." सासूबाई म्हणायच्या, "पाणी तापलं म्हणते." सासरे म्हणायचे, "तिले सांग, आलोच." मग सासूबाई माझ्याकडे वळून सांगायच्या, "आलोच म्हणतात." तिघंही एकाच खोलीत, आणि खोलीही केवढी, तर हात लांब केला की समोरची भिंत लागावी. सासूबाई घरात नसल्या तर मी दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवायचे. एकदा वाजल्या की चहा झाला, लागोपाठ दोनदा वाजल्या की जेवायला चला. हा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता आणि मोडायची कुणाची छातीही नव्हती.

सासरे बसस्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या खोलीत बसून लाउडस्पीकरवर रामटेकची गाडी, मौद्याची गाडी, खाप्याची गाडी पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर लाउडस्पीकर तिथंच राहिला, आवाज तेवढा घरी आला. माणूस वाईट मुळीच नव्हता. फक्त दुसऱ्याला काय हवं ते त्यांना आधीच ठाऊक असायचं. भाजी हवी का, असं न विचारता वाढायचे. माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं कापड, माझ्या दिवाळीच्या साडीचा रंग, नातीची शाळा, सगळं ते ठरवून मोकळे व्हायचे. विचारण्यात वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. गाडीला विचारून कुणी गाडी सोडत नाही, हे ते सासूबाईंना वरचेवर सांगायचे आणि सासूबाई मान डोलवायच्या.

मी सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीतल्या छापखान्यात मराठी टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. एका उन्हाळ्यात मालकांनी मुंबईहून कॉम्प्युटर आणला. तोवर आम्ही कॉम्प्युटर म्हणजे बँकेत काळ्या काचेवर हिरवी अक्षरं दिसतात ते, एवढंच समजत होतो. हा वेगळा निघाला. पांढरा पडदा, त्यावर चित्रं. मालकांनी नारळ फोडला, यंत्राला हार घातला, आणि त्या काचेच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा हुकूम काढला. कंपनीचा माणूस बूट काढून, भोक पडलेल्या मोज्यांवर उभा राहून आम्हाला शिकवू लागला.

तो म्हणाला, हा पडदा म्हणजे तुमचं टेबल समजा. टेबलावर फायली असतात, तशी इथं फायलींची छोटी चित्रं आहेत. फायली ठेवायची पाकिटं आहेत, त्यांना फोल्डर म्हणायचं. कोपऱ्यात कचऱ्याची टोपली आहे. फाइल उघडली की एक चौकट उघडते, ती विंडो, म्हणजे खिडकी. वरच्या पट्टीतल्या शब्दावर बोट ठेवलं की खाली यादी लोंबते, तो मेनू. आणि बोट म्हणजे हा बाण. टेबलावरचा हा माऊस सरकवला की पडद्यावरचा बाण सरकतो. एवढं सांगून तो म्हणाला, "जुन्या कॉम्प्युटरला लिहून हुकूम द्यावे लागायचे. इथं बोलायचंच नाही. जे हवं ते दाखवायचं आणि टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे निवडलं, लागोपाठ दोन म्हणजे उघडलं."

बाकीचे चौघे तोंड उघडं टाकून पाहत होते. मला मात्र हसू आवरेना. सासरी इतकी वर्षं ज्या कामाची प्रॅक्टिस केली, ते काम शिकवायला मुंबईहून माणूस आला होता.

मग त्यानं बाणानं एक वर्तुळ काढलं, त्याची कड पकडून ओढली, आणि ते वर्तुळ मोठं झालं. पुन्हा ओढलं, लंबगोल झालं. माझं हसू थांबलं. लग्नाआधी रामटेकला मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे शिकायचं होतं, पण स्थळ आलं. त्यानंतर मी रांगोळीखेरीज काही काढलं नव्हतं आणि त्याचं वाईट वाटणंही हळूहळू बंद झालं होतं. त्या वर्तुळानं ते पुन्हा सुरू केलं. मला ते यंत्र हवं होतं. साडी हवी वाटते तसं नव्हे, भुकेल्याला जेवण हवं वाटतं तसं.

मालकांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात हा माणूस पुन्हा येईल आणि आम्हा पाच जणांची परीक्षा घेईल. जो यंत्रावर पान करून दाखवील त्याला ते यंत्र मिळेल आणि तीन महिने शिकायला मुंबईला जावं लागेल. बाकीच्यांनी टाइपरायटरवर खडखडाट चालू ठेवायचा. घरातून मुंबईला कोण जाऊ देणार होतं? पण तो पुढचा प्रश्न होता. आधी पास व्हायला हवं होतं.

शिकायचं कसं, हीच अडचण होती. यंत्रावर हात ठेवायची पाळी आठवड्यातून एकदा यायची, तीही मालक मागे उभे राहून "हळू, हळू" करत असताना. पहिल्या पाळीला मी माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या काठाशी नेला, बाण अजून अर्ध्यातच. मी मालकांना म्हटलं, टेबल लहान पडतंय. मालकांनी खरंच सुताराला बोलावणं धाडलं. माऊस उचलून पुन्हा मध्ये ठेवला तरी चालतं, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं, तोवर फळी जोडून झाली होती. आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईंनी एका खिडकीवर दुसरी खिडकी उघडली आणि खालची झाकली गेली, तर आपण फाइल पुसून टाकली म्हणून त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. त्या दिवसापासून दोन खिडक्या एकदम उघडायला मालकांची बंदी झाली.

तेव्हा मी ठरवलं की कॉम्प्युटर घरीच करायचा. छापखान्यात रद्दी कागदाला तोटा नव्हता. कॅलेंडरचे जाड पुठ्ठे आणले, खिडक्या कापल्या, फायलींची चित्रं काढली, पट्टीवर मेनूच्या याद्या चिकटवल्या. साबणाच्या डबीला सुतळी बांधली, तो माऊस. उन्हाळ्यात छापखाना सकाळचा असायचा, त्यामुळे भर दुपारी मी घरी. दारं-खिडक्या बंद, कूलर घरघरतोय, वाळ्याचा वास सुटलाय, आणि मी मधल्या खोलीत सतरंजीवर सगळं मांडून एका हातानं डबी आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्याचा बाण सरकवतेय. नवरा औषधांच्या कंपनीचा माल घेऊन जिल्हाभर फिरायचा, मुलगी सुट्टीत माझ्या माहेरी. घरात पाहणारी दोनच माणसं, तीही झोपलेली, असं मला वाटत होतं.

"सून काय करून राहिली वं?" सासऱ्यांनी पलंगावरून सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी मला विचारलं, मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी त्यांना सांगितलं. तीन-चार फेऱ्या झाल्या. खिडकी भिंतीला नसून टेबलावर असते इथवर आल्यावर सासूबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी सरळ कूस बदलली. सासरे मात्र उठून बसले. एकाच माणसानं डबीही हलवायची आणि बाणही, हे त्यांना पटलं नाही. ड्रायव्हर वेगळा, कंडक्टर वेगळा, असं काहीसं ते भिंतीला उद्देशून म्हणाले आणि सतरंजीवर माझ्यासमोर येऊन बसले. बाण त्यांनी आपल्या ताब्यात घेतला. त्या क्षणापासून माझे सासरे कॉम्प्युटर झाले.

पहिला दिवस गोंधळात गेला. मी डबी डावीकडे नेली की बाण उजवीकडे पळे. मी उजवीकडे आणली की तो डावीकडे. बऱ्याच वेळानं आमच्या लक्षात आलं की ते समोर बसल्यामुळे त्यांची डावी ती माझी उजवी होत होती. उपाय एकच, त्यांनी माझ्या शेजारी, मी बघते त्याच दिशेला तोंड करून बसायचं. सून आणि सासरा एका सतरंजीवर शेजारी शेजारी! सासूबाईंची झोप खाडकन उडाली. त्या उठल्या आणि दोघांच्या मधोमध येऊन बसल्या. मग त्यांनाही काही काम द्यावं लागलं, म्हणून त्यांना कचऱ्याची टोपली केलं.

टोपली म्हणून सासूबाई अद्वितीय होत्या. मी टाकलेला कागद त्या मांडीवर घ्यायच्या, उलटून पाहायच्या आणि म्हणायच्या, चांगला तर आहे, काहून टाकते? टोपली रिकामी करा म्हटलं तर करायच्या नाहीत. पुठ्ठ्यांनी डबे झाकायच्या. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट मला पक्की समजली, की टोपलीत टाकलेलं लगेच नाहीसं होत नाही, मागितलं तर परत मिळतं. छापखान्यात बाकीच्यांना हे शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

सासऱ्यांना मेनू फार आवडला. मी वरच्या पट्टीतल्या शब्दावर डबी थांबवली की ते यादी खाली सोडायचे आणि स्टँडवरच्या आवाजात वाचायचे. काही शब्द मी फिकट लिहिले होते, म्हणजे ते काम आत्ता होणार नाही. त्यांवर मी चुकून टिचकी मारली तर ते जाहीर करायचे की ही गाडी आज रद्द आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. यंत्र कामात असलं की पडद्यावर मनगटी घड्याळाचं चित्र येतं आणि तोवर थांबायचं असतं, हे सासूबाईंमार्फत कळल्यावर तर त्यांची चैनच झाली. घड्याळाचं चित्र मध्ये ठेवून ते चहा प्यायचे, कधी पान लावायचे. मी डबी आपटली तरी बाण हलायचा नाही. एकदा चित्र ठेवून ते झोपून गेले, आणि मी अर्धी दुपार यंत्राचं घोरणं ऐकत बसले.

एक दिवस मी फार सुंदर पान जमवलं. मध्ये चित्र, दोन बाजूंना मजकूर, वर नक्षीची पट्टी. सासऱ्यांनी ते मान वाकडी करून पाहिलं आणि दोन्ही हातांनी सगळं गोळा करून म्हणाले, "लाइट गेली." मला रडू आलं. मी सासूबाईंना म्हटलं, विचारा त्यांना, पुठ्ठ्याची कसली लाइट जाते? त्यांनी सासूबाईंना उलट विचारलं, तिनं ते पान पाकिटात ठेवलं होतं काय? नव्हतं ठेवलं. नागपूरच्या उन्हाळ्यात लाइट कधीही जाते आणि न ठेवलेलं काम तिच्याबरोबर जातं, हे त्यांनी मला शिकवलं. त्या दिवशी मी त्यांच्या भाजीत मीठ जरा जास्त टाकलं. चुकून.

खरी ठिणगी उडाली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. ते माझ्याआधी पळायचे. बाण फाइलीकडे निघाला की ती मी उघडणारच, मग टिचकीची वाट कशाला पाहा, म्हणून ते आधीच खिडकी मांडून मोकळे. मी चुकले तर चूक त्यांनी सुधारून ठेवलेली असायची. असलं यंत्र मला परीक्षेत भेटणार नव्हतं. आणि त्या यंत्राची एक सवय अशी, की मोठं काही करायच्या आधी ते एक लहान चौकट पुढे करून विचारतं, ठेवायचं का? हो किंवा नाही. उत्तर मिळेपर्यंत ते जागचं हलत नाही. मी तशी चौकट करून दिली होती. सासऱ्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली, "ठेवायचं काय?" आणि स्वतःच "हाव" म्हणून पान पाकिटात सारलं.

मी डबीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. सून काहून थांबली, त्यांनी सासूबाईंना विचारलं. मी सासूबाईंकडे पाहून म्हटलं, पण या वेळी आवाज काही खाली गेला नाही, "प्रश्न मला विचारला आहे म्हणावं. उत्तरही मीच देईन."

हे वाक्य पोचवायची सासूबाईंची हिंमत होईना. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्यात साखर घालून म्हणाल्या, "ती म्हणते, जरासं थांबा." सासरे हातभर अंतरावर होते, त्यांनी मूळचं वाक्य ऐकलंच होतं. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, संपला आपला कॉम्प्युटर, आता उद्यापासून पुन्हा एकटीनं. पण त्यांनी पाकिटातून पान बाहेर काढलं, चौकट पुन्हा मांडली, प्रश्न पुन्हा वाचला, आणि आपला हात मांडीखाली दाबून ठेवला. थांबणं त्यांना किती कठीण जात होतं ते मला शेजारून दिसत होतं. मी मुद्दामच जरा वेळ लावला. मग डबीवर टिचकी मारली.

त्यानंतर ते अगदी निष्ठुर यंत्र झाले. टिचकी नाही तर हालचाल नाही. दोन टिचक्यांत अंतर पडलं की दुसरी मोजायचे नाहीत. मी चुकीची खिडकी उघडली तर ती तशीच उघडी ठेवून छताकडे बघत बसायचे. मला त्यांचा इतका राग यायचा, आणि मी रोज थोडी थोडी पुढे जात होते.

परीक्षेच्या दिवशी मालकांनी यंत्राला नवा हार घातला. कंपनीच्या माणसानं एक पान करायला दिलं. मजकूर एका फाइलीत, चित्र दुसऱ्या फाइलीत, दोन्ही एकदम उघडून जुळवायचं, आणि टोपलीत टाकलेली एक फाइल परत आणायची. ज्येष्ठ बाईंनी दोन खिडक्यांना साफ नकार दिला. दुसऱ्या एकानं टोपलीला हात लावला नाही. माझी पाळी आली आणि मधेच पडद्यावर घड्याळ आलं. आधीच्या दोघांनी इथंच घाबरून बटणं बडवली होती. मी हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसले, यंत्राला काय चहा प्यायचा तो पिऊ दे म्हटलं. घड्याळ गेलं. पान झालं. लाइट गेली नाही; गेली असती तरी माझं काम ठेवलेलं होतं.

कंपनीच्या माणसानं मला विचारलं, कुठं शिकलात? घरी, मी म्हटलं. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे? त्यानं डोळे मोठे केले. आहे, म्हटलं, जुना आहे जरा, पण चालतो.

मालक खूश झाले. पण मुंबईचं निघाल्यावर म्हणाले, तीन महिन्यांचा प्रश्न आहे, बाई, घरी विचारून या. तुमच्या सासऱ्यांनी हो म्हटलं की मला कळवा. त्यांनी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवणार होते, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी नवरा घरी होता. मी त्याला सांगितलं. त्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि मग नेहमीप्रमाणे तो म्हणाला, बाबांना विचारावं लागेल. मला त्याच्याविषयी माया वाटली आणि चीडही आली. चित्रकलेच्या वेळीही असंच झालं होतं, फक्त तेव्हा विचारायचं ते माझ्या वडिलांना होतं. दोन्ही वेळा ठरायचं माझं होतं, आणि मी आपली दाराशी उभी.

सासरे बाहेर छपरीत बसले होते, जमिनीवर पाणी शिंपडून खुर्ची टाकून. नवरा एका कडेला उभा राहिला. मी दाराच्या चौकटीत. सासूबाईंनी सुरुवात केली, की सुनेचा नंबर लागला म्हणतात, मुंबईले तीन महिने जावं लागते म्हणतात, पोरीची शाळा आहे, लोक काय म्हणतील, तुमीच काय ते सांगा. एरवी एवढ्यात सासऱ्यांचा निर्णय होऊन गाडी सुटलेली असायची. आज सुटली नाही. खुर्ची त्यांनी थोडी फिरवली आणि दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"तुले जायचं हाय काय वं?"

मला वाटलं, ते सासूबाईंनाच विचारताहेत. सासूबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "ती काय सांगीन, आपण म्हणाल तसं."

"तिले इचारलं म्या," सासरे म्हणाले.

आणि ते थांबले. रस्त्यावरून सायकली गेल्या, शेजारी कुणी तरी नळाखाली बादली लावली. ते थांबलेच होते. नवऱ्यानं घसा साफ केला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न पाहता हात वर करून त्याला गप्प केलं. जायचं आहे की नाही हे मला केव्हाचंच ठाऊक होतं, पण ते मोठ्यानं म्हणायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती.

"हो, मामाजी," मी म्हटलं. "मला जायचं आहे."

"मंग जाय. पोरीले आमी पाहू." त्यांनी खुर्ची पुन्हा रस्त्याकडे वळवली. थोड्या वेळानं, मागे न बघता, म्हणाले, "आवाज चांगला हाय तुया. इतके वर्षं कुठं ठेवला होता?"

या प्रश्नाचा मला इतका राग आला की मी सासूबाईंकडे वळले नाही, पदर सावरला नाही, सरळ त्यांनाच उत्तर दिलं.

"तुमच्याच घरात होता."